डुक्कर मेलं, पुढे काय?

दिवाळीत घाटंजीला गेलो की एक दिवस काकांसोबत वावरात जायचं, हा माझा ठरलेला कार्यक्रम. मागच्या वेळी गेलो तर तुरीच्या धुऱ्यालगतच्या नाल्यात एक रानडुक्कर मरून पडलं होतं. तीन-चार दिवस झाले असावेत, वास दुरूनच येत होता. मागच्या पायाच्या वर गोळीचं भोक होतं. म्हणजे गोळी दुसरीकडे कुठेतरी लागली, ते पळालं आणि इथे येऊन मेलं. कोणी मारलं हे मी विचारलं नाही आणि काकांनी सांगितलं नाही. पोट कुत्र्यांनी फाडलेलं होतं. बाभळीवर कावळे बसले होते.

"आमच्या लहानपणी असं जनावर पडलं का दोन घंट्यात सांगाडा," काका म्हणाले. "गिधाडं उतरत वरून. आता एक नाई दिसत."

मी म्हणालो, "नाहीत तेच बरं. आज आली असती तर हे खाऊन मेली असती. याच्या अंगात शिसं आहे."

काका थांबले. माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "तू पुण्यात बसून सांगतं बे, गोळी कायची पाह्यजे थे. डुक्कर वावरात घुसते तवा तू कुठी असतं?"

मला उत्तर आलं नाही. काकांचा प्रश्न रास्त होता. पण मी म्हणालो तेही खोटं नव्हतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि आपण त्यातली एकच उचलून भांडतो. काकांना तेव्हा जे सांगता आलं नाही ते इथे लिहितोय.

आधी काकांची बाजू

घाटंजी तालुक्याला लागून टिपेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली जाहीर झालेलं, साधारण १४८ चौरस किलोमीटरचं. तुम्ही इन्स्टाग्रामवर टिपेश्वर बघितलं असेल तर वाघ बघितला असेल. इथून निघालेला एक वाघ तेराशे किलोमीटरहून जास्त चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, ती बातमी २०१९ साली देशभर गाजली. पण पारव्याच्या बाजूला ज्याचं वावर आहे त्याच्यासाठी जंगल म्हणजे वाघापेक्षा डुक्कर आणि रोही. रोही म्हणजे तुमची नीलगाय. डुकरांचा कळप एका रात्रीत पेरलेलं बी उकरून खातो, हरभरा लोळवतो, तूर आडवी करतो. सकाळी बघणाऱ्याला वाटावं की कोणी रोटावेटर फिरवून गेलं.

म्हणून जागल. साठी ओलांडलेला माणूस डिसेंबरच्या थंडीत मचाणावर बसून रात्री दोन वाजता टिनाचा डबा बडवतो. नुकसानभरपाईची सोय कागदावर आहे. पण अर्ज, पंचनामा, फोटो, सातबारा या रांगेत जे दिवस जातात त्यांची मजुरी कोणी धरत नाही. मग कोणी कुंपणाच्या तारेत थेट करंट सोडतो. त्यात डुक्कर मरतं, कधी वाघ मरतो, कधी शेजारचा माणूस मरतो. ज्याला परवडतं तो सौरऊर्जेवरचं झटका मशीन बसवतो. बाकीचे मागणी करतात की आम्हाला डुक्कर मारू द्या.

ही मागणी बेकायदेशीर नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्याच्या कलम ११ मध्येच पिकाला धोका असलेल्या ठरावीक प्राण्यांना परवानगीने मारायची वाट ठेवलेली आहे. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने पिकांचं नुकसान करणाऱ्या रानडुकरासाठी आणि रोह्यासाठी अशी परवानगी द्यायची पद्धत ठरवून दिली. केरळने २०२२ मध्ये हे अधिकार थेट पंचायत-नगरपालिकांच्या प्रमुखांपर्यंत नेले. पुढच्या काही वर्षांत या परवानग्या वाढतील, कमी होणार नाहीत. जंगलाकाठी राहणाऱ्या मतदारांची ही पहिली मागणी आहे आणि ती रास्त आहे.

तेव्हा स्पष्ट सांगतो. मी डुकराची वकिली करत नाहीये. पिकावर आलेलं डुक्कर परवानगी घेऊन मारायला माझी हरकत नाही. माझा वाद गोळीशी आहे आणि तोही गोळी कशाची आहे एवढ्यापुरता.

आपल्याकडे गोळीबद्दल बाकी सगळं बोललं जातं. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री पांढरकवड्याच्या टी-१ वाघिणीला मारलं तेव्हा गोळी कोणी झाडली, कुठून झाडली, आधी बेशुद्ध करायला हवं होतं का, यावर आपण महिनोन्महिने भांडलो. चहाच्या टपरीवर बॅलिस्टिक्सचे तज्ज्ञ तयार झाले. गोळी कोणत्या धातूची असते आणि तो धातू पुढे कुठे जातो, हा विषय मात्र मी एकदाही ऐकला नाही.

मराठीत गंमत अशी की शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट असतं. आणि ज्या गोळीत खरंच शिसं असतं तिच्या नावात ते ऐकू येत नाही.

गोळी आत गेल्यावर

बंदुकीच्या गोळीत शिसं वापरायची कारणं अगदी इंजिनिअरिंगची आहेत. ते जड असतं. एक घन सेंटिमीटर शिसं ११.३ ग्रॅमचं, तेवढंच तांबं जवळपास ९ ग्रॅमचं आणि लोखंड ७.९ ग्रॅमचं. जड गोळी हवेत वेग टिकवते. शिसं मऊ असतं, त्यामुळे नळी खराब होत नाही आणि जनावराला लागल्यावर गोळी पसरते, मोठी जखम करते. ते कमी उष्णतेवर वितळतं आणि स्वस्त मिळतं. शेकडो वर्षं यापेक्षा सोयीचं काही नव्हतं.

अडचण त्याच मऊपणात आहे. रायफलची शिसं भरलेली गोळी हाडावर आदळली की पसरताना तिचे तुकडे उडतात. काही तांदळाच्या दाण्याएवढे, बरेचसे रव्याच्या कणाएवढे किंवा त्याहून बारीक. परदेशात शिकार केलेल्या हरणांचे एक्स-रे काढले गेले, तेव्हा जखमेच्या आजूबाजूला वीतभर अंतरापर्यंत पांढरे ठिपके विखुरलेले दिसले. डोळ्याला ते दिसत नाहीत आणि बोटाला लागत नाहीत. जखमेजवळचं मांस कापून टाकलं म्हणजे झालं, हा समज तिथेच मोडतो.

ते मांस गिधाडाने किंवा गरुडाने खाल्लं की पुढचं काम त्याच्या पोटातलं आम्ल करतं. सडलेलं मांस आणि हाडं पचवणारं हे आम्ल प्रखर असतं. त्यात शिसं विरघळतं आणि रक्तात जातं. पक्ष्याला आधी अशक्तपणा येतो, पचन थांबतं, पंख लोंबतात, मग उडता येत नाही. बदकांचं वेगळं. बदक खडे गिळतं, कारण त्याच्या पेट्यात दाणे दळायला खडे लागतात. तळ्याच्या तळाशी पडलेला बारा बोअरचा छर्रा त्याला खड्यासारखाच दिसतो. कलेजी-पेटा खाणाऱ्यांना पेट्याची ताकद सांगायला नको. तो छर्रा तिथे हळूहळू झिजतो आणि बदक मरतं.

माणसाच्या शरीरात शिसं कॅल्शियमची जागा घेऊन हाडात जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं तिथे राहतं. लहान मुलांच्या मेंदूवर ते परिणाम करतं. रक्तात शिशाचं अमुक इतकं प्रमाण सुरक्षित आहे, असा आकडाच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २००८ च्या सुमारास अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात एका डॉक्टरने गरिबांना वाटण्यासाठी शिकाऱ्यांनी दान केलेल्या हरणाच्या खिम्याची शंभरेक पाकिटं तपासली. निम्म्याहून जास्त पाकिटांमध्ये धातूचे कण निघाले. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता आणि खाणारे गरीब होते. राज्याला ते वाटप थांबवावं लागलं.

आपल्याकडे कायद्याने परवानगीने मारलेलं डुक्कर सरकारची मालमत्ता असतं. ते खाता येत नाही, विकता येत नाही. कागदावर प्रश्न मिटला. पण माझ्या काकांच्या नाल्यातलं डुक्कर कोणाच्या कागदावर होतं? गोळी लागून पळालेलं जनावर झुडपात जाऊन मरतं. त्याचा पंचनामा होत नाही, त्याला कोणी पुरत नाही. ते खाणाऱ्यांना कलम ११ माहीत नसतं. आणि एखादं डुक्कर गावात कोणाच्या तरी चुलीवर गेलं, तर तिथल्या पोरांच्या ताटात काय गेलं हे तपासायला आपल्याकडे डॉक्टर नाही आणि पाकीटही नाही.

"पर्याय कुठे आहे?"

जगात हा वाद जुना आहे आणि तो दर वेळी एकाच वाक्यावर येऊन अडतो. पर्याय कुठे आहे?

अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांनी दरवर्षी वीस लाखांच्या आसपास बदकं विषबाधेने मरतात, असा अंदाज होता. ही गोळी लागून मेलेली बदकं नव्हेत, गोळी न लागलेली. शिकारी म्हणाले, लोखंडी छर्रा हलका आहे, लांब जात नाही, बदक जखमी होऊन तडफडेल, आमच्या जुन्या बंदुकांच्या नळ्या फुगतील. यातलं काही खरंच होतं. लोखंडाचा छर्रा दोन नंबर मोठा घ्यावा लागतो, वेग वाढवावा लागतो, आणि पातळ नळीच्या जुन्या बंदुकीत तो धोक्याचा असतो. तरीही १९९१ साली पाणपक्ष्यांसाठी देशभर बंदी आली. कंपन्यांनी लोखंडी काडतुसं सुधारली, जुन्या बंदुकांसाठी बिस्मथचे छर्रे आले, आणि शिकार चालूच राहिली. पुढे एका अभ्यासाने मांडलं की १९९७ च्या एकाच हंगामात सुमारे १४ लाख बदकं या बंदीमुळे वाचली.

कॅलिफोर्नियातलं काँडोर हे आपल्या गिधाडाचं तिकडचं भावंड. मेलेलं जनावर खाणारं. १९८२ साली जगात फक्त २२ उरले होते. सगळे पकडून, पिंजऱ्यात वाढवून, पुन्हा सोडले. आज पाचशेच्या वर आहेत. पण सोडलेले काँडोर मरत राहिले आणि त्यांना मारणारं सर्वांत मोठं कारण निघालं गोळीतलं शिसं. दशकांची मेहनत, प्रचंड खर्च आणि शेवटी नाल्यातलं एक जखमी हरीण. कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून सगळ्या शिकारीत शिशाची गोळी बंद केली.

डेन्मार्कने शिशाचे छर्रे १९९६ मध्येच बंद केले होते. १ एप्रिल २०२४ पासून रायफलची शिशाची गोळीही बंद केली. युरोपियन युनियनने पाणथळ जागांवर शिशाचे छर्रे फेब्रुवारी २०२३ पासून थांबवले. ब्रिटनने जुलै २०२५ मध्ये बंदी जाहीर केली आणि बदलायला तीन वर्षं दिली. रायफलसाठी पर्याय आहे तांब्याची गोळी. ती लागल्यावर फुलासारखी उमलते, पण तिचा चुरा होत नाही. जनावर मरतं आणि मांसात विष राहत नाही.

उलटही झालंय. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने आपल्या जमिनींवर शिशाची गोळी टप्प्याटप्प्याने बंद करायचा आदेश काढला. सरकार बदललं आणि मार्चमध्ये नव्या मंत्र्याने खुर्चीवर बसताच तो रद्द केला. तिथे बंदूकवाल्यांची ताकद मोठी आहे. त्यांना वाटतं की शिशावरची बंदी ही बंदुकीवरच्या बंदीची पहिली पायरी आहे.

या सगळ्यातून मला एकच गोष्ट दिसते. पर्याय आधी आणि बंदी नंतर, असं सहसा घडत नाही. तारीख ठरते, मग पर्याय स्वस्त होतो, सुधारतो, दुकानात येतो. शिशाच्या पेट्रोलचं आठवा. इंजिन खराब होईल, स्कूटर चालणार नाही, असं तेव्हाही म्हणत होते. १ फेब्रुवारी २००० पासून भारतात शिशाचं पेट्रोल बंद झालं. माझ्या वयाच्या कोणाला ते आठवतही नाही. कोणाची स्कूटर त्यामुळे अडली होती?

आपण हे एकदा भोगलंय

ज्यांना हे परदेशी पक्ष्यांचं कौतुक वाटतंय, त्यांच्यासाठी घरची गोष्ट.

काकांच्या लहानपणीची गिधाडं कुठे गेली? ती डायक्लोफिनॅकने मेली. माणसाच्या सांधेदुखीचं साधं औषध. नव्वदच्या दशकात ते गुरांना स्वस्तात मिळू लागलं. बैल लंगडला की इंजेक्शन. ते घेतलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं बंद पडत. कारण सापडलं २००४ साली, तोवर उशीर झाला होता. १९९२ ते २००७ या काळात देशातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त संपली. ज्या शेतकऱ्याने इंजेक्शन दिलं त्याने काहीच चूक केली नव्हती. तो आपल्या बैलाचं दुखणं कमी करत होता.

तेव्हाही विचारलं गेलं, पर्याय काय? मेलॉक्सिकॅम होतं. गिधाडांना निर्धोक, सुरुवातीला महाग. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांच्या डॉक्टरीत वळल्या. ती पळवाट बुजवून बाटली ३ मिलीची करायला २०१५ उजाडलं. गिधाडं गेल्याची किंमत आपणही मोजली. ढोरं सडत पडली, भटकी कुत्री वाढली, पाणी नासलं. २०२४ मध्ये अर्थशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने २००० ते २००५ या काळात यामुळे सुमारे पाच लाख जादा माणसं मेली, असा हिशेब मांडला.

आता आजचं बघा. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली गिधाडं विदर्भात आणली, ताडोबात आणि पेंचला. पाठीवर जीपीएस लावून त्यांना मोकळं केलं. ताडोबा घाटंजीपासून सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटर. गिधाडाला हे अंतर म्हणजे आपल्याला यवतमाळ. यातलं एक गिधाड तर तमिळनाडूपर्यंत जाऊन पोहोचलं.

म्हणजे एका हाताने आपण गिधाडं परत आणतोय आणि दुसऱ्या हाताने, त्याच टापूत, डुक्कर-रोह्यांना गोळ्या घालायच्या परवानग्या वाढवतोय. दोन्ही कामं एकाच वनखात्याची. दोन्ही एकेकटी बरोबर. मधे कोणी विचारत नाही की त्या डुकराच्या अंगात काय उरलं.

डायक्लोफिनॅकच्या वेळी आपल्याला माहीत नव्हतं. शिशाबद्दल माहीत आहे. या वेळी चूक झाली तर ती अज्ञानाची म्हणता येणार नाही.

आक्षेप

पहिला आक्षेप: भारतात शिकारच बंद आहे, मग हा बाहेरून आणलेला वाद कशाला? माझं उत्तर असं की वापर कमी आहे म्हणूनच आत्ता. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं की चुकीचा डिफॉल्ट बदलायचा तर शंभर युजर असताना बदलावा, एक कोटी झाल्यावर नाही. अमेरिकेत लाखो शिकारी, हजारो दुकानं आणि बंदूकवाल्यांची संघटना आडवी आली. आपल्याकडे परवानगीने डुक्कर मारणारे मोजके परवानाधारक आहेत. आज एका ओळीत होईल ते दहा वर्षांनी आंदोलन करून होणार नाही.

दुसरा: देशात शिशाची विषबाधा गोळ्यांमुळे होत नाही. हे अगदी खरं. २०२० मध्ये युनिसेफने सांगितलं की जगात तीनातल्या एका मुलाच्या रक्तात शिशाचं प्रमाण चिंताजनक आहे, आणि त्यातली साडेसत्तावीस कोटी मुलं भारतातली. कारणं म्हणजे जुन्या बॅटऱ्या उघड्यावर वितळवणं, रंग, भेसळीची हळद, भांडी. त्या लढाया मोठ्या आहेत आणि लढल्याच पाहिजेत. पण बॅटरीचं शिसं टिपेश्वरच्या नाल्यात जात नाही. तिथे ते गोळीतूनच जातं. मोठा प्रश्न सुटेपर्यंत लहान प्रश्नाला हात लावायचा नाही, असं ठरवलं तर दोन्ही तसेच राहतात.

तिसरा: तांब्याची गोळी महाग. असेल. एका डुकराला एक गोळी लागते, नेम चुकला तर दोन. हा काही सैन्याचा खर्च नाही. परवानगी सरकार देतं, मेलेलं डुक्कर सरकारचं, मग गोळीतला फरकही सरकारने द्यावा. एका रात्रीत आडव्या झालेल्या तुरीशेजारी तो फरक ठेवून बघा.

चौथा आक्षेप मला सगळ्यात जास्त टोचतो: शेतकऱ्यावर आणखी एक अट लादू नका. टोचतो, कारण आमच्या जिल्ह्याला याचा अनुभव आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर विषबाधेने मेले, शेकडो दवाखान्यात गेले. तेव्हा औषध बनवणाऱ्यापासून विकणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी बोट दाखवलं ते फवारणाऱ्याकडे. मास्क घातला नाही, हातमोजे घातले नाहीत, प्रमाण चुकवलं. चाळीस अंशात, उंच वाढलेल्या पराटीत, रोजाने फवारणाऱ्या माणसाने प्लास्टिकचा सूट घालावा, अशी अपेक्षा. विष बाजारात कोणी ठेवलं, हा प्रश्न शेवटी आला.

म्हणून माझी अट शेतकऱ्यावर नाही. काकांनी गोळीचा धातू तपासावा असं मी म्हणत नाही. अट बनवणाऱ्यावर आणि परवानगी देणाऱ्यावर हवी. दुकानात फक्त निर्धोक गोळी असेल तर कोणाला काही शिकवावं लागत नाही. शिसं नसलेल्या पेट्रोलबद्दल कोणाचं प्रबोधन करावं लागलं नव्हतं.

खडकीची भिंत

आणि बनवणारा कोण? मी पुण्यात ऑफिसला जाताना खडकीवरून जातो. तिथे १८६९ पासून दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आहे. ऑक्टोबर २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीचा भाग आहे आणि त्या कंपनीचं मुख्यालयही पुण्यातच आहे. नागरिकांच्या बारा बोअर बंदुकीची काडतुसं इथे बनतात. परदेशी काडतूस सामान्य परवानाधारकाला सहज मिळत नाही. तो सरकारी कारखान्याचं घेतो आणि त्यात शिसं असतं. त्याला निवड नाही.

अमेरिकेत डझनभर खासगी कंपन्यांना वळवावं लागलं. इथे मुख्य बनवणारं सरकार, परवानगी देणारं सरकार, गिधाडं सोडणारंही सरकार. खडकीच्या भिंतीआड बसलेल्या इंजिनिअरला तांब्याची गोळी किंवा बिस्मथचा छर्रा बनवता येणार नाही, यावर माझा विश्वास नाही. त्याला कोणी सांगितलेलं नाही, एवढंच.

मागण्या फार नाहीत. पीक वाचवण्यासाठी द्यायच्या प्रत्येक परवानगीत एक ओळ हवी की गोळी शिशाची नसेल. ती लागू व्हायची तारीख आज जाहीर करा, दोन वर्षांनंतरची का असेना. त्या मुदतीत सरकारी कारखान्याने पर्याय बाजारात आणावा. लोखंडी छर्रा पेलणार नाही अशा जुन्या दुनळी बंदुकांचा त्यात विचार व्हावा. तोवर मारलेलं प्रत्येक जनावर खोल पुरलं किंवा जाळलं जावं आणि जखमी होऊन पळालेलं शोधायची जबाबदारी मारणाऱ्याची असावी. ताडोबा-पेंचमध्ये मेलेल्या प्रत्येक गिधाडाच्या शवविच्छेदनात शिशाची तपासणी सक्तीची करा आणि आकडे लोकांसमोर ठेवा. आणि नुकसानभरपाई वेळेवर द्या, कारण ज्याला पैसे वेळेवर मिळतात तो बंदुकीकडे शेवटी वळतो.

ठासणीची भरमार आणि चोरून मारणारे यांना या ओळीचा फरक पडणार नाही, हे मला कळतं. नाल्यातलं ते डुक्कर कदाचित तसंच मेलं असेल. पण चोरट्याकडचं कारखान्यात बनलेलं काडतूसही शेवटी कोणत्या तरी कायदेशीर दुकानातूनच निघालेलं असतं. दुकानातलं शिसं संपलं की त्याच्याकडचंही हळूहळू संपेल.

काका, डुक्कर वावरात घुसतं तेव्हा मी पुण्यात असतो. तुम्ही जागलीला असता आणि मी एसीत. ते खरं आहे आणि त्याची लाज वाटते. म्हणून मी तुम्हाला गोळी झाडू नका असं म्हणणार नाही. पण गोळी बनते ती माझ्या ऑफिसच्या वाटेवर, आणि तिच्यात काय भरायचं हे ठरतं मुंबई-दिल्लीत, जिथे तुमच्यापेक्षा माझा आवाज जरा लवकर पोहोचतो. त्या वेळी मी कुठे असतो, हा प्रश्न मात्र तुम्ही मला जरूर विचारा.

पुढच्या दिवाळीला येतोय. नाल्याकडे जाऊन येऊ.